फिजिक्सच्या शिकवणीत पेन कोणाच्या हातात असावं?

अकरावी-बारावीचं मूल फिजिक्सच्या शिकवणीला येतं तेव्हा तक्रार ठरलेली असते: "सर, थिअरी समजते, पण न्युमरिकल्स जमत नाहीत." पालकही तेच सांगतात. मग शिकवणारा न्युमरिकल्सचा मारा सुरू करतो. रोज दहा-पंधरा गणितं फळ्यावर सुटतात, वहीत उतरतात, आणि चाचणीचे मार्क जागचे हलत नाहीत.

'न्युमरिकल्स जमत नाहीत' या एका वाक्याखाली बरंच काही दडलेलं असतं. कुणाची बलांची आकृतीच चुकते. कुणाला साइन कुठे आणि कॉस कुठे हे कळत नाही. कुणी मिलिमीटरचे मीटर करताना घसरतं, कुणाला प्रश्नातला 'स्मूथ' हा शब्द दिसतच नाही, तर कुणाचं सगळं बरोबर येऊन लॉग टेबलमध्ये वाटोळं होतं. प्रत्येकावरचा उपाय वेगळा. ऐंशी मुलांच्या वर्गात कोण नेमकं कुठे अडलंय हे दिसणं शक्य नाही, त्यात त्या शिक्षकांचा दोषही नाही. शेजारी बसून शिकवणाऱ्याला ते दिसू शकतं, पण एका अटीवर: पेन मुलाच्या हातात हवं.

म्हणून पहिल्या दिवशी धडा पहिला उघडू नये. सहा-सात साधी गणितं द्यावीत, वेगवेगळ्या धड्यांतली, आणि सांगावं, "सोडव, आणि सोडवताना मनात काय चाललंय ते बोलत राहा." मध्ये बोलू नये. हे शिकवणाऱ्यालाच जड जातं. मूल अडखळलं की आपली जीभ वळवळते. पण त्या तासाभरात जे कळतं ते पुढच्या महिनाभराच्या फळ्यावरच्या शिकवण्याने कळत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. रोटेशनल डायनॅमिक्समधलं, कॉन्व्हेक्स ओव्हरब्रिजचं. १००० किलोची गाडी, पुलाच्या कमानीची त्रिज्या ४० मीटर, वेग सेकंदाला १० मीटर. अगदी माथ्यावर असताना रस्ता गाडीला किती बलाने वर ढकलतो?

मूल आकृती काढतं. खाली एमजीचा, म्हणजे वजनाचा बाण, वर अभिलंब बलाचा, म्हणजे रस्त्याच्या ढकलण्याचा बाण. इथवर ठीक. मग तिसरा बाण येतो, एम व्ही वर्ग भागिले आर, 'सेंट्रिपेटल फोर्स' (वर्तुळाच्या केंद्राकडे नेणारं बल) असं नाव लावून. कुणी तो वर काढतं, कुणी खाली. खाली काढलेला तिसरा बाण एमजीत मिळवला की उत्तर येतं ९८०० + २५०० = १२,३०० न्यूटन. पुलाच्या माथ्यावर गाडी जड झाली! उंचवट्यावरून वेगात जाताना सीटवरून किंचित उचलल्यासारखं होतं हे त्याच मुलाने शंभरदा अनुभवलेलं असतं, पण तो अनुभव आणि वहीतलं उत्तर यांची गाठ पडत नाही.

इथे 'अरे, सेंट्रिपेटल फोर्स वेगळा नसतो' असं सांगून काही होत नाही. मूल मान डोलावतं आणि पुढच्या गणितात पुन्हा तीन बाण काढतं. त्याऐवजी प्रत्येक बाणाकडे बोट दाखवून एकच प्रश्न विचारायचा: "हे बल कोण लावतंय?" एमजी? पृथ्वी. अभिलंब बल? रस्ता. तिसरं? शांतता. थोड्या वेळाने "गती लावते" किंवा "वर्तुळ लावतं" असं काहीतरी येतं. "वर्तुळ गाडीला हात लावतं का?" बस. ज्याचा धनी सापडत नाही तो बाण खोडायचा. उरलेल्या दोन बाणांची वजाबाकी केंद्राकडे जेवढी उरते तीच एम व्ही वर्ग भागिले आर. केंद्र खाली आहे, म्हणून ९८०० वजा अभिलंब बल बरोबर २५००. अभिलंब बल ७३०० न्यूटन. गाडी हलकी वाटते, अनुभव जुळला.

लगेच पुढचा प्रश्न टाकायचा: वेग किती केला तर रस्त्याचं बल शून्य होईल? त्रिज्या गुणिले ९.८, म्हणजे ३९२, त्याचं वर्गमूळ सेकंदाला सुमारे १९.८ मीटर, ताशी साधारण ७१ किलोमीटर. वस्तुमान कुठे गेलं? "उडालं." ट्रकला वेगळा वेग लागेल का? इथे मूल स्वतःहून विचार करायला लागतं, आणि या एका गणितावर पाऊण तास गेला तरी तो वाया गेलेला नसतो. 'कोण लावतंय' हाच प्रश्न पुढे मृत्यूच्या विहिरीत, बँकिंगच्या, म्हणजे वळणावर आतल्या बाजूला उतरत्या केलेल्या रस्त्यावर, दोरीला बांधून उभ्या वर्तुळात फिरवलेल्या दगडात, सगळीकडे चालतो.

हे फक्त अनुभवाचं बोलणं नाही. अमेरिकेतले फिजिक्सचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या चाचण्यांची तुलना मांडली. चाचणी बलाच्या संकल्पनांवरची, आकडेमोड जवळजवळ नसलेली. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांची सुधारणा शक्य असलेल्या सुधारणेच्या सरासरी २३ टक्के होती. विद्यार्थ्यांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या वर्गांची ४८ टक्के. शिकवणीबद्दलचं कर्ट व्हॅनलेन यांचं २०११ मधलं विश्लेषण तर आणखी बोलकं आहे. माणसाने एकेकट्याला शिकवण्याचा परिणाम त्यांना ०.७९ प्रमाण विचलनाएवढा आढळला (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप). संगणकाच्या ज्या प्रणाली फक्त शेवटचं उत्तर तपासतात त्यांचा ०.३१, आणि ज्या प्रत्येक पायरी तपासतात त्यांचा ०.७६. म्हणजे शिकवणीची ताकद बरीचशी पायरीपायरीला मिळणाऱ्या टोकण्यात आहे. गणिताखाली नुसतं 'बरोबर' किंवा 'चूक' लिहून वही परत देणारा शिकवणीवाला स्वतःची बहुतेक किंमत स्वतःच घालवतो.

आता गणिताच्या बाजूकडे. फिजिक्सचे म्हणून दिसणारे निम्मे घोटाळे गणिताचे असतात. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात सदिश आणि कलनाची तोंडओळख दुसऱ्याच धड्यात येते, ती घाईत उरकली जाते आणि मग वर्षभर छळते.

उतारावरचा ठोकळा घ्या. मुलांनी पाठ केलेलं असतं: 'आडवा घटक कॉस, उभा घटक साइन.' उतारावर हे उलटतं आणि गोंधळ उडतो. यावर पाठांतर नको, तपासणी शिकवावी. थीटा शून्य करून बघ. उतारच नाही, जमीन सपाट. मग ठोकळा घसरायला हवा का? नाही. म्हणजे उताराच्या दिशेचा घटक शून्य यायला हवा. शून्य अंशाला शून्य कोण होतं? साइन. झालं, एमजी साइन थीटा. ही दहा सेकंदांची तपासणी एकदा हाताला लागली की परीक्षेच्या घाईतही उपयोगी पडते, आणि सीईटीत दोन पर्याय तिथल्या तिथे उडवता येतात.

एककांचं दुखणं केशनलिकेच्या, म्हणजे अगदी बारीक नळीत चढणाऱ्या पाण्याच्या गणितात छान दिसतं. पाण्याचं पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन, नळीचा व्यास ०.४ मिलिमीटर, स्पर्शकोन शून्य. पाणी किती चढेल? बरोबर उत्तर सुमारे ७.३ सेंटिमीटर. ज्याने व्यासच त्रिज्या म्हणून घातला त्याचं ३.७ येतं. ज्याने मिलिमीटरचे मीटर केले नाहीत त्याचं उत्तर मिलिमीटरच्याही बऱ्याच खाली जातं, आणि तो ते बिनदिक्कत चौकटीत लिहितो. इथे सवय लावायची ती अशी की आकडे घालण्याआधी दिलेल्या सगळ्या राशी एकाखाली एक, एसआय एककात, दहाच्या घातासकट लिहायच्या. दिलेला शब्द व्यास की त्रिज्या, त्याखाली रेघ. क्षेत्रफळ असेल तर जास्त सावध: चौरस मिलिमीटरचा चौरस मीटर करताना दहाचा उणे सहावा घात येतो, उणे तिसरा नाही.

प्रश्नातले शब्द हेही दिलेले आकडेच असतात. 'स्मूथ' म्हणजे घर्षण शून्य. 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे दोरीचं वस्तुमान शून्य, म्हणून ताण सगळीकडे सारखा. 'जस्ट लीव्ज कॉन्टॅक्ट' म्हणजे अभिलंब बल शून्य. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांचं फिजिक्स पक्कं असूनही इथे गाडी अडते. त्यांना अशा वीस-पंचवीस शब्दांची यादी करून द्यावी, बाकी त्यांना वेगळं काही लागत नाही.

आणि लॉग टेबल! बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. कोचिंगवाले सहसा याकडे ढुंकून बघत नाहीत, आणि मूल पहिल्यांदा लॉग टेबल उघडतं ते पूर्वपरीक्षेत. सगळ्यात जास्त माणसं पडतात ती बारमध्ये. ०.००४ चं वर्गमूळ काढायचंय. लॉग आला बार तीन पॉइंट ६०२१. याला दोनने भागायचं. मूल बार तीनला दोनने भागून बार दीड करतं आणि अडकतं, किंवा बार विसरून पुढे जातं. बार म्हणजे फक्त पूर्णांक भाग ऋण आहे, दशांश धनच आहे, हे लक्षात आलं की रस्ता सोपा: बार तीनला बार चार करायचं आणि तो एक दशांशात टाकायचा. बार चार अधिक १.६०२१. आता दोनने भाग, बार दोन पॉइंट ८०१०. अँटिलॉग ०.०६३२. अशी रोज चार, दोन आठवडे. एवढ्यावर हा विषय कायमचा मिटतो.

डेरिव्हेशन्सबद्दल माझं मत जरा कडक आहे. दहा वेळा लिहून पाठ करण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक ओळीपुढे मुलाने लिहायचं की ही ओळ कुठून आली: नियम, गृहीतक की नुसतं गणित. साध्या दोलकाचं घ्या. वजनाचे दोन घटक केले आणि एमजी साइन थीटा परत आणणारं बल ठरवलं, हा नियम. साइन थीटाच्या जागी थीटा लिहिला, हे गृहीतक. उरलेलं सगळं गणित. आता विचारा, दोलक ६० अंशांवरून सोडला तर सूत्रातली कुठली ओळ कोसळेल? ज्याने खुणा केल्यात तो लगेच बोट ठेवतो. (प्रत्यक्षात आवर्तकाल सूत्रापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त भरतो.) अशा खुणा केलेल्या डेरिव्हेशनमधली मधली एखादी ओळ विसरली तरी पुन्हा उभी करता येते. पाठ केलेल्यातली एक विटकर निसटली की भिंत खाली.

विजेच्या धड्यात अडचण वेगळ्या जातीची असते. तिथे गणित जमतं, पण मनातलं चित्र चुकीचं असतं. ६० आणि १०० वॅटचे दोन फिलामेंटचे बल्ब २३० व्होल्टला एकसरीत जोडले, तर कोणता जास्त उजळ? जवळपास सगळी मुलं म्हणतात १०० वॅटचा. काही जण म्हणतात, जो आधी जोडलाय तो, कारण 'पुढच्याला करंट कमी उरतो'. हे दुसरं उत्तर सोन्यासारखं आहे, कारण त्यातून कळतं की या मुलाच्या डोक्यात करंट वाटेत खर्च होतोय. सूत्रं त्याला सगळी येत असतात, तरीही. त्याला दोन्ही बल्बचा रोध काढायला लावा: ६० वॅटचा सुमारे ८८२ ओहम, १०० वॅटचा ५२९. एकूण १४११, धारा सुमारे ०.१६३ अँपिअर, दोघांतूनही तेवढीच. मग शक्ती अनुक्रमे सुमारे २३ आणि १४ वॅट. ६० वॅटचा जास्त उजळ. खऱ्या फिलामेंटचा रोध कमी तापल्यावर कमी असतो, त्यामुळे आकडे हलतील, क्रम तोच राहील. हल्ली घरात एलईडी आल्यापासून बल्बवर लिहिलेल्या वॅटचा आणि रोधाचा हा संबंध मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलाच नसतो. दोन जुने टॉर्चचे बल्ब आणि तीन सेल घेऊन टेबलावर मांडलं तर दहा मिनिटांचं काम. २३० व्होल्टचा प्रयोग मात्र वहीतच करावा.

तास कसा चालवावा? दीड तास धरला तर सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं पुस्तक मिटून, मागच्या वेळचं काय आठवतं ते कोऱ्या कागदावर. नंतर चुकलेल्या गणितांतली दोन पुन्हा, न बघता. मग नवा भाग, तोही जेमतेम अर्धा तास. उरलेला वेळ मूल सोडवतंय आणि आपण बघतोय. अडलं तर सूत्र सांगायचं नाही. आधी "काय दिलंय?", मग "आकृती काढ", मग "यात काय कायम राहतंय?" तरीही नाही सुटलं तर त्याच कल्पनेचं सोपं गणित द्यायचं. पूर्ण सोडवून दाखवणं हे शेवटचं हत्यार, आणि ते वापरलं तर तेच गणित तीन दिवसांनी कोऱ्या पानावर मुलाकडून परत घ्यायचं. 'समजलं का?' हा प्रश्न तर बंदच करावा. त्याला 'हो' याशिवाय उत्तर नसतं.

चुकांची वही वेगळी हवी. गणित पूर्ण उतरवायचं नाही, फक्त कुठे चुकलं ते एका ओळीत: 'व्यास त्रिज्या धरला', 'अभिलंब बल एमजी समजलो', 'कोन उभ्या रेषेशी दिला होता'. महिन्याभरात दिसतं की पन्नास चुका म्हणजे खरं तर पाच-सहाच चुका आहेत, पुन्हा पुन्हा.

शिकवणी कधी कामाला येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. सकाळी कॉलेज, दुपारी इंटिग्रेटेड क्लास, संध्याकाळी घरी येणारे सर, रात्री ऑनलाइन लेक्चर अशी रचना असेल तर चौथा शिकवणारा लावून काही फरक पडत नाही. मुलाला एकट्याने अडायला वेळच नाही. एक तास शिकवणी घेतली तर दोन तास एकट्याने बसणं मिळायला हवं, नसेल तर शिकवणी कमी करावी. गट असेल तर चार-पाच जणांपर्यंत ठीक, एकमेकांच्या चुका ऐकण्याचा फायदाच होतो. पंधरा झाले की तो क्लास झाला, मग फी कितीही असो. पालकांनी चाचपणी करायची तर गुण बघू नयेत, ते उशिरा हलतात. वही उघडून बघावं: खाडाखोड आहे का, अर्धवट सोडलेले प्रयत्न आहेत का. फळ्यावरून उतरवलेली स्वच्छ वही हे काळजीचं लक्षण.

परीक्षेनुसार शेवटच्या दोन-तीन महिन्यांचं काम बदलतं. बोर्डाचा लेखी पेपर ७० गुणांचा: १८ गुण बहुपर्यायी आणि अतिलघुत्तरी, दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ, चार गुणांचे पाचपैकी तीन. पायरीला गुण असल्यामुळे सूत्र, आकडे घातलेली ओळ आणि एकक लिहिलं की शेवटचं उत्तर चुकूनही बरंच वाचतं. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत. उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. जेईई मेनमध्ये बरोबरला चार, चुकीला उणे एक, तिथे सोडून देणंही शिकावं लागतं. सीईटीच्या युक्त्या नोव्हेंबरात सुरू केल्या की डेरिव्हेशन मागे पडतं आणि दोन्हीकडून जातं. लेखी आटोपल्यावर सीईटीपर्यंत वेळ मिळतो, युक्त्या तेव्हा.

प्रॅक्टिकलचे ३० गुण शिकवणीत कोणी मोजत नाही, कारण ते 'मिळतातच'. पण संकल्पना तपासायला प्रॅक्टिकलसारखी जागा नाही. दोरा, जड नट आणि मोबाइलचं स्टॉपवॉच एवढ्यावर घरी ९.८ काढता येतं. एक मीटर लांबी, नटाच्या मध्यापर्यंत मोजलेली. वीस दोलनं सुमारे ४०.१ सेकंदांत होतात. मुलाचं उत्तर १०.८ किंवा १०.९ आलं तर बहुधा त्याने सोडताना 'एक' म्हटलंय, म्हणजे एकोणीसच दोलनं मोजून वीसने भागलंय. सोडताना 'शून्य' म्हणायचं. लांबी नटाच्या मध्याऐवजी गाठीपर्यंतच मोजली, तर मात्र उत्तर कमी येतं. उत्तर कुठल्या बाजूला चुकलंय यावरून चूक ओळखायला लावा, व्हायवाची तयारी तिथेच होते. लांब तारेवर सेलचं विद्युतचालक बल मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरचंही तसंच. गॅल्व्हानोमीटरचा काटा तारेच्या दोन्ही टोकांना एकाच बाजूला जात असेल तर मुलं जॉकी (तारेवर टेकवायची सरकती पट्टी) बदलतात, तार पुसतात. बघायच्या गोष्टी दोनच: मुख्य सेलचं विद्युतचालक बल मोजायच्या सेलपेक्षा जास्त आहे का, आणि दोघांची धन टोकं एकाच बिंदूला जोडलीत का. हे का, ते तारेवरच्या विभवाच्या घसरणीची आकृती काढून मुलानेच सांगायचं.